पैठणीच्या पदरावर सरपटणारे रंग

येवल्याच्या एका मागावर पैठणी विणली जात असताना चित्रण चाललं होतं. कॅननचा ६००डी, ५० मिमीची एफ/१.८ लेन्स, खिडकीचा उजेड, डोक्यावर दोन ट्यूबलाइट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. पहिल्या चार क्लिप लॅपटॉपवर लावल्या आणि काम थांबवावं लागलं. चित्रावरून आडवे पट्टे सरकत होते, पदरावरचा मोर अर्धवट फोकसमध्ये होता, आणि काठावर हिरवे-जांभळे रंग सरपटत होते.

पट्ट्यांचं कारण लगेच सापडलं. मेनूत एनटीएससी (अमेरिकेतली व्हिडिओ पद्धत) होतं, शटर १/६० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते; १/६० चा त्याच्याशी मेळ बसत नाही. पाल (आपल्याकडची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर लावताच पट्टे गेले.

फोकसचा दोष लेन्सच्या उघड्या तोंडाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा होता. मीटरभर अंतरावरून एफ/१.८ ला, म्हणजे तोंड पूर्ण उघडं असताना, जेमतेम अडीच सेंटीमीटर खोली फोकसमध्ये राहते. विणकरदादांचा हात तेवढा सहज पुढे-मागे होतो. एफ/४ केल्यावर ती सहाच्या आसपास गेली. तोंड लहान झाल्याने उजेड कमी पडला, म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून ८०० करावा लागला, पण चित्रात थोडा दाणा चालतो, हुकलेला फोकस नंतर दुरुस्त होत नाही. ऑटोफोकस बंद केला. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं चालू चित्र) १० पट मोठा करून मोराच्या डोळ्यावर हाताने फोकस लावला आणि मगच रेकॉर्डिंग. फणीच्या ठोक्याने जमीन हादरत होती, म्हणून ट्रायपॉड मागापासून लांब सरकवला.

रंगांनी मात्र दुपार घेतली. चित्र धारदार व्हावं म्हणून कॅमेऱ्याच्या पिक्चर स्टाइल सेटिंगमध्ये शार्पनेस ३ चा ७ केला, तर सरपटणं आणखी वाढलं. सेन्सरवर सुमारे १.८ कोटी बिंदू. १९२०×१०८० च्या व्हिडिओसाठी कॅमेरा मधल्या ओळी गाळतो. रेशमाच्या बारीक धाग्यांच्या ओळी त्या गाळणीत अडकून खोटे रंग तयार होतात. हाच मॉयरे. शार्पनेस त्या खोट्या कडाच ठळक करतो. तो ० वर आणला, कॉन्ट्रास्ट पूर्ण उतरवला. तरीही मधल्या अंतरावर मॉयरे उरलाच, आणि एडिटिंगमध्ये तो धड निघत नाही. शेवटी अंतरच बदललं: क्लोजअपला इतकं जवळ की एकेक धागा जाड दिसेल, आणि दूरच्या शॉटमध्ये फोकस चेहऱ्यावर, पदर किंचित बाहेर. शार्पनिंग एडिटिंगमध्ये, तेही हलकंच.

संध्याकाळच्या क्लिपमध्ये मोराच्या मानेवर निळा धागा संपून हिरवा कुठे सुरू होतो, ते दादांनी लॅपटॉपवर बोट ठेवून दाखवलं.