रागाच्या तळटिपा

इंदूरच्या मराठी समाजात कुणावर राग धरून बसणं हे फार मेहनतीचं काम आहे. पुण्या-मुंबईत एखाद्याशी बोलायचं नाही असं ठरवलं की झालं, तो पुन्हा दिसेलच याची खात्री नसते. इथे सानंद या मराठी नाट्यसंस्थेच्या नाटकाला तोच, गणेशोत्सवातल्या व्याख्यानाला तोच, लोकमान्य नगरातल्या हळदीकुंकवाला त्याची बायको, आणि लग्नसराईत तर एकाच दिवशी दोन मांडवांत गाठ. मग न बोलणं पाळायला तयारी लागते. मध्यंतरात चहाच्या रांगेत कोण कुठे उभं आहे ते आधी हेरून ठेवायचं. घरच्या फोटोसाठी 'सगळे या रे' अशी हाक आली की नेमकं कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचं. पंगतीत समोरासमोर बसायची वेळ आलीच तर कोशिंबिरीकडे असं बघायचं की जणू त्यात काही लिहिलंय. ही सगळी कसरत वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातली एक माझी आई.

गोष्ट तशी छोटी आहे. बाबा गिरणीच्या ऑफिसात होते. नव्वदीच्या सुरुवातीला इंदूरच्या कापडगिरण्या एकेक करून बसत गेल्या, त्यात बाबांचीही गेली. पगार थांबला आणि नेमकी भावाची कॉलेजची फी नि घरभाडं एकदम अंगावर आलं. बाबा मोठ्या काकांकडे गेले, पाच हजार रुपये मागितले. काका म्हणाले, "बघू." आणि त्याच महिन्यात त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला.

बस. एवढंच.

पण आईने ही गोष्ट ग्वाल्हेरहून आलेल्या मावशीला सांगितली, शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंना सांगितली, आणि एकदा शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितली. तो बिचारा हातात पाना धरून 'अरे बाप रे माताजी' म्हणत ऐकत होता. सांगून सांगून ती गोष्ट चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी लख्ख झाली. सुरुवातीला काका नुसते 'बघू' म्हणायचे. पुढे ते पान चघळत बघू म्हणायला लागले. मग त्यात हसणं आलं. मग घरी येताना बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि पाऊसही लागला. आता पाऊस नक्की कधीपासून पडायला लागला ते मला सांगता येणार नाही, पण फीचे दिवस म्हणजे जुलै, पडला असेलही. शेवटचं वाक्य मात्र कधी बदललं नाही. आईचं इंदुरी मराठी होतं, त्यात ती म्हणायची, "सख्खे मोठे भाऊ, नि साफ मुकरले!"

गंमत म्हणजे बाबांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. दसऱ्याला ते सोनं घेऊन काकांकडे जात, थोरल्या भावाच्या पाया पडत, चहा पिऊन येत. आई डोकं दुखतंय म्हणून घरी. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत, अजूनही त्या रात्रभर इंदूरच्या रस्त्यांवरून जातात. बाबा दर वर्षी त्या बघायला उभे राहत आणि ज्या गिरणीने पगार अडकवला तिची झांकी आली की कुठला देखावा कुणी उभा केलाय ते आम्हाला हौसेने सांगत. तक्रारीचा सूर नाही. मार ज्याला बसला तो माणूस चालता-फिरता, आणि बघणारे आम्ही जखमी, असा सगळा प्रकार होता.

बरं, इंदुरात रुसवे काढायच्या संधी कमी आहेत असंही नाही. संक्रांत आहेच. आई काकूंना तिळगूळ द्यायची, गोड बोलणं तेवढं स्वतःजवळ ठेवून घ्यायची. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरचे फवारे चालतात, राजवाड्यापाशी तर आकाशापर्यंत गुलाल असतो आणि कुणी कुणाला रंगवलं याचा हिशेब लागत नाही. माझ्या भावाने एकदा त्या गर्दीत चुलतभावाला चांगला रंग फासला, गळाभेट घेतली आणि घरी येऊन आईला सांगितलं, "ओळखूच आला नाही गं." त्याच्या बोलण्यावर आईने विश्वास ठेवला नाही, पण पुरणपोळी वाढली.

मला सगळ्यात शहाणी पद्धत वाटते ती आमच्या जैन शेजाऱ्यांची. इंदूर ही जैनांची मोठी वस्ती, सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं इतवारियातलं काचमंदिर बघायला लोक बाहेरगावाहून येतात. भाद्रपदात पर्युषण संपलं की शेजारच्या भाभी दारात येऊन हात जोडायच्या, "साल भर में कोई भूल हुई हो तो..." कुठली चूक, कधीची, त्याचा उल्लेख नाही. लहानपणी मला हे मोघम वाटायचं, आता त्यातली युक्ती कळते. तारीखच ठरलेली असल्यामुळे आधी कोण वाकलं हा प्रश्नच उरत नाही. आमच्याकडची निम्मी भांडणं त्या एका प्रश्नावर अडून बसलेली असतात.

क्षमेवर लोक अभ्यासही करतात. एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. ते हाच विषय शिकवत, आणि १९९६च्या नववर्षाच्या सुमारास घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या आईचा खून केला. त्यांनी त्याला क्षमा केली. तिथे खून आणि इथे रंगीत टीव्ही. ही दोन वाक्यं शेजारी लिहितानाही संकोच वाटतो. पण त्यांचं एक म्हणणं मला कामाचं वाटतं. ते क्षमेचे दोन भाग करतात: एक ठरवण्याची, म्हणजे मी सूड घेणार नाही, नीट वागेन, आणि दुसरी मनात होणारी, म्हणजे त्या माणसाचं नाव निघालं तरी पोटात काही हलत नाही ती. पहिली एका दुपारीत होऊ शकते. दुसरी तिच्या सवडीने येते. लोक पहिली करतात आणि दुसरी झाली नाही म्हणून स्वतःला खोटे ठरवतात. मी तर म्हणते, पहिली झाली तरी पुष्कळ. पंगतीत कोशिंबिरीवरची नजर वर आली की एक घास सुखाचा जातो.

अमेरिकेतल्याच होप कॉलेजमधल्या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना, ज्याने आपल्याला दुखावलं त्याला मनात आणायला सांगितलं. तो घाव नि ती अढी उगाळताना त्यांच्या नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढले, तळव्यांना घाम सुटला, भुवया आवळल्या. त्याच माणसाला माफ करतोय अशी कल्पना करताना हे सगळं कमी होतं. आईची बीपीची गोळी रात्री जेवणानंतर असायची आणि काकांची गोष्ट बहुतेक संध्याकाळच्या चहाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. काकांचं कुणी काही बोललं नव्हतं.

तरीही 'सोडून द्या हो' असं सहज म्हणणाऱ्या माणसांवर माझा फार विश्वास नाही. सहसा ज्यांचं काही गेलेलं नसतं तेच हे म्हणतात. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालते. तुम्हाला राग कसा येत नाही, असं विचारते आणि प्रल्हादाने आपल्या नातवाला, बळीला, दिलेलं उत्तर त्याच्यापुढे ठेवते: सदा कठोरपणाही बरा नाही आणि सदा क्षमाही बरी नाही. जो नेहमीच क्षमा करतो त्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत, त्याची वस्त्रं-दागिने परस्पर उचलून नेतात. भर सभेत जिची ती अवस्था झाली, तिने हे म्हणावं यात नवल नाही. युधिष्ठिर तिला क्षमेची थोरवी सांगतो, चांगली सांगतो, पण मला त्या संवादात कायम द्रौपदीच खरी वाटत आली आहे. आईचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. काका खरोखरच कद्रू होते. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण नारळ वाढवला तरी अर्धी वाटी झाकून ठेवणारा माणूस होता तो.

आई गेली आणि गोष्ट माझ्याकडे आली. मीही ती बरी सांगायचे. अलीकडे चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा बंगळुरूहून मुलीने फोनवर विचारलं, "आई, हे कोण?" मी बैठक जमवली आणि सुरुवात केली.

"किती मागितले होते आजोबांनी?"

"पाच हजार."

"फक्त?"

आता आली का पंचाईत! मग मी तिला सांगितलं, बाई गं, तेव्हा तोळाभर सोनं साडेचार हजारांच्या आसपास होतं. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तोळ्याहून जास्त सोनंच मागितलं की! मग बघू म्हणणं ठीकच नाही का?" ही काकांच्या बाजूची आहे की काय असं मला क्षणभर वाटलं. मग टीव्ही. टीव्हीत एवढं काय, असं तिला वाटलं. मी सांगितलं की रंगीत टीव्ही म्हणजे अख्ख्या गल्लीची बातमी असायची. तो हप्त्यावर घेतला होता का? मला माहीत नाही. आजोबांनी फोन का नाही केला, भर पावसात का गेले? फोन नव्हता. मग गिरणी म्हणजे काय, भोंगा म्हणजे काय, रेशनच्या दुकानात रॉकेलची रांग कशी असायची. सांगता सांगता मी रॉकेलच्या रांगेत रमले. पुन्हा काकांकडे वळले तेव्हा ते पूर्वीसारखे अंगावर येईनात.

मग तिने विचारलं, "आणि काकूआजी? त्या काय म्हणाल्या?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईच्या गोष्टीत काकू नव्हत्याच.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आपले प्रयोग छापले. त्यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, पुन्हा काही काळाने, सांगायला लावली. दर वेळी कथा आखूड होत गेली. जे ओळखीचं नव्हतं, ज्याचा अर्थ लागत नव्हता, ते गळालं. तिथल्या लाकडी डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. आमच्या कथेत पाऊस आत आला आणि काकू बाहेर गळाल्या. कद्रू काकांच्या गोष्टीत त्यांचा अर्थच लागत नव्हता.

कारण काकू यायच्या. काका ऑफिसला गेले की दुपारी, एक स्टीलचा डबा पदराआड धरून. त्यात कधी भाजणी, कधी मेतकूट, कधी बेसनाचे लाडू. टीव्हीबद्दल चकार शब्द नाही, पैशांबद्दल नाही. आई चहा करायची, दोघी चहा प्यायच्या, काकू डबा ओतून घेऊन जायच्या. शेवटचा एक डबा मात्र आमच्याकडेच राहिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि त्यात काही घालून द्यायचं म्हणजे समेट झाल्यासारखंच. आईने दोन्ही केलं नाही. डबा फडताळात गेला, आणि आईनंतर माझ्याकडे.

त्यात मी जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला, ठेवते. पोह्यांवर भुरभुरायला तो डबा आमच्याकडे रोज निघतो. झाकणाच्या कडेला यंत्राने टिंबाटिंबांनी घातलेलं काकूंचं नाव आहे, पुढे लग्नाची तारीख. वापरून 'सौ.'मधला 'स' गेलाय, पण बोटाला तो अजून लागतो. चमचा काढताना अंगठा बरोबर तिथेच पडतो. घरात इतकी वर्षं ते नाव रोज सकाळी हाताखालून जात होतं आणि संध्याकाळी त्याच घराची गोष्ट वेगळीच सांगितली जात होती.

यामुळे काकांचं 'बघू' पुसलं जात नाही, आणि ते पुसावं असं मला वाटतही नाही. पण लग्नाला मी गेले. फोटोच्या वेळी कुणाच्या नाडीकडे वळले नाही.

नंतर थंडीत चुलतभावाचाच फोन आला, सराफ्यात येतेस का म्हणून. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे गाड्या लागतात, आणि थंडी म्हणजे गराडू, तळलेला कंद. दोघांनी कढईसमोर उभं राहून लिंबू पिळलेले गरमगरम गराडू खाल्ले, भुट्ट्याचा कीस खाल्ला, घरच्या कुणाकुणाच्या गुडघ्यांची चौकशी केली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा दादांना एकदम मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. वळण बापाचंच आहे. मी पैसे दिले आणि मला हसू आलं. आईच्या वेळी इथून एक नवीन गोष्ट सुरू झाली असती.

परत निघताना दादा म्हणाले, "आईचा एक डबा तुमच्याकडे राहिलाय ना गं? नाव घातलेला? तिच्या लग्नातल्या डब्यांतला तो एकच कमी आहे."

म्हणजे त्यांच्याकडेही एक गोष्ट होती तर, आणि तिच्यात आम्ही डबा परत न देणारे.

देईन म्हटलं. रिकामा देता येत नाही म्हणून भावाला फोन करून विचारलं, काय घालू? मी भाजणीचा विचार करत होते. भाऊ म्हणाला, "टीव्हीचा रिमोट घाल."