नवी पिकअप 80 ला थरथरते: पुन्हा बॅलन्सिंग करण्याआधी

नवीकोरी पिकअप, मीटरवर जेमतेम दोन-अडीच हजार किलोमीटर, आणि 70 च्या पुढे गेली की सीट थरथरायला लागते. सर्व्हिस सेंटरला नेली की चारही चाकांचं बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होते, आणि गाडी थरथर घेऊनच परत येते. (अलाइनमेंटचा या दुखण्याशी जवळजवळ संबंध नसतो. ती चुकली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतं. बिलात मात्र ती हमखास असते.) पुढच्या खेपेला पुन्हा बॅलन्सिंग, आणि काउंटरवरून एक वाक्य: "भाऊ, पिकअप आहे, नव्या गाडीला असंच असते, चालवली की बसून जाईल."

यात अर्धं खरं आहे. पिकअपची चेसिस लांब, त्यावर केबिन वेगळी आणि डाला वेगळा बसवलेला. अशा लांब फ्रेमला स्वतःची एक लचक असते, बहुधा सेकंदाला सात-आठ वेळांच्या आसपास. चाकाचा फिरण्याचा वेगही साधारण 55-65 च्या स्पीडला तिथेच पोहोचतो. त्यामुळे मोटारीत जाणवलाही नसता असा टायरचा बारीक दोष पिकअपमध्ये मोठा होऊन सीटखाली येतो. पण दोष असावा लागतो, आणि तो आपोआप बसून जात नाही. तो कुठे आहे हे ठरवायला एकच आकडा पुरेसा असतो: थरथर सेकंदाला किती वेळा होते.

मागच्या टायरवर खडूने खूण करा. ती जमिनीला टेकलेली असताना रस्त्यावरही खूण करा, टायरवरची खूण पुन्हा जमिनीला लागेपर्यंत गाडी सरळ ढकला आणि अंतर टेपने मोजा. 215/75 आर 15 मापाच्या टायरला हे अंतर 2.14 मीटरच्या आसपास भरतं. 80 चा वेग म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. भागाकार केला की 10.4. म्हणजे टायर, रिम, हब किंवा ड्रम यांत दोष असेल तर 80 ला थरथर 10.4 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 10.4 वेळा येणार. टायर दोन ठिकाणी उंच असेल तर दुप्पट, म्हणजे 21 च्या जवळ.

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, चाकापेक्षा डिफरन्शियलच्या (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चक्रांच्या) रेशोइतक्या पटीने जास्त फिरतो. रेशो 4.1 धरला तर 80 ला शाफ्टचा आकडा 42-43. यूजे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) तिरका चालत असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला दोनदा झटका देतो, म्हणून कोनाचा दोष 85 हर्ट्झला दिसतो. इंजिनाचा हिशोब सोपा: आरपीएम भागिले 60, आणि चार सिलिंडरच्या इंजिनाला एका फेऱ्यात दोन स्फोट होतात म्हणून त्याची दुप्पटही बघायची.

हे मोजायला फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप पुरतं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात ते बनलं आहे. त्यातला प्रवेगाचा स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती थरथर आहे ते) दाखवणारा प्रयोग उघडा आणि फोन सीटच्या लोखंडी पट्टीला दुहेरी टेपने चिकटवा. डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये ठेवला तर होल्डरचीच थरथर मोजाल. किमान दहा सेकंद एकाच वेगावर गाडी ठेवा आणि फोन शेजारच्याला बघू द्या. वेग मीटरचा नको, जीपीएसचा घ्या; गाडीचा मीटर थोडा जास्तच दाखवतो. सेकंदाला 100 नोंदी घेणाऱ्या फोनला 50 हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही, त्यामुळे 85 हर्ट्झचा दोष पकडायला त्याहून वेगवान सेन्सर लागतो. फोन नसला तरी अंगाला फरक कळतो: 10 हर्ट्झला स्टिअरिंग किंवा मांडी हलताना दिसते, 40 च्या वर तळपायाला मुंग्या आल्यासारखं होतं, आरसा धूसर दिसतो आणि सोबत घुमल्यासारखा आवाज येतो.

नागपुरात यात एक मेख आहे. शहरातले बरेच रस्ते सिमेंटचे, समृद्धी महामार्गही सिमेंटचा. सिमेंट रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. 80 ला ते सांधे सेकंदाला पाच वेळा ठोकतात, आणि त्या ठोक्याची दुप्पट 9.9 येते. टायरचा आकडा 10.4. फोनच्या आलेखात दोन्ही एकमेकांवर चढतात, आणि चांगल्या गाडीलाही दोषी ठरवता येतं. उलट सर्व्हिस सेंटरचा माणूस खऱ्या दोषाला "रस्त्याचे जॉइंट आहेत" म्हणून मोकळा होऊ शकतो. म्हणून चाचणी सलग, गुळगुळीत डांबरी पट्ट्यावरच घ्या, शक्यतो पहाटे रस्ता रिकामा असताना. मालवाहू गाडीला एक्सप्रेसवेवरही 80 चीच मर्यादा आहे, तेव्हा त्यापुढे जाण्याची गरज नाही.

चाचणीचा क्रम असा. 50 पासून पाच-पाच किलोमीटरने वेग वाढवत थरथर कुठे सुरू होते, कुठे शिगेला जाते, कुठे ओसरते ते टिपा. शिगेच्या वेगाला पोहोचल्यावर गियर न्यूट्रल करा (इंजिन बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते). थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले. चाकं किंवा शाफ्ट उरले. तोच वेग चौथ्या आणि पाचव्या गियरमध्येही धरून बघतात, पण एक लक्षात घ्या: ज्या गियरबॉक्समध्ये चौथा गियर सरळ एकास एक आहे, तिथे चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि दोघांचा आकडा सारखाच येतो. तिथे न्यूट्रलची चाचणीच निवाडा करते.

आकडा चाकाचा निघाला तर सुरुवात हवेपासून करा. गाडी कारखान्यातून येताना आणि यार्डात उभी असताना टायरमध्ये जास्त हवा भरलेली असू शकते, आणि डिलिव्हरीआधीच्या तपासणीत ती उतरवायची राहून जाते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. मागे पूर्ण लोडची हवा भरून कळमना बाजारात माल उतरवला आणि रिकामी गाडी परत आणली, तर पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतच नाहीत आणि टायरचा प्रत्येक खड्डा-उंचवटा चेसिसला जातो. हवा सकाळी, गाडी उभी असताना तपासा. दर 10 अंश तापमानाला 35 पौंडाच्या टायरमध्ये दीड-पावणेदोन पौंड आणि 60 पौंडाच्या टायरमध्ये अडीच पौंड वाढतात. मे महिन्यात भर दुपारी वाडीहून आलेल्या गाडीची हवा कमी केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमीच भरणार.

यार्डात महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टायरला खालून सपाट भाग पडतो. साधा असेल तर वीस-तीस किलोमीटर चालून टायर गरम झाल्यावर जातो. गेला नाही तर तो कायमचा, आणि बॅलन्सिंगने तो भरून निघत नाही, कारण वजन बरोबर असतं, गोलाई बिघडलेली असते. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: 1825 म्हणजे 2025 सालचा अठरावा आठवडा. पाचही टायर जवळपासच्या तारखांचे असावेत.

आता बॅलन्सिंग करून घेतानाची खरी परीक्षा, जी फार कमी गिऱ्हाईक घेतात. मशीनवर चाक शून्य आलं की ऑपरेटरला चाक सैल करायला सांगा, मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला सांगा आणि परत फिरवायला सांगा. आता 10 ग्रॅमपेक्षा जास्त दाखवलं तर चाक मशीनवर मध्यावर बसलेलंच नाही आणि आधीचं शून्य खोटं होतं. पिकअपच्या जाड लोखंडी रिमला समोरून लावलेला कोन (चाक मध्यावर धरणारा मशीनचा शंकू) बऱ्याचदा नीट बसत नाही. कोन मागून लावायला सांगा. जी रिम मधल्या भोकावर नाही तर नटांवर मध्यावर येते, तिला नटांच्या भोकात बसणारा फ्लँज (जोडचकती) लागतो. शिवाय बहुतेक मशीन पाच ग्रॅमच्या आतलं शून्यच दाखवतात. ते गोळाबेरीज करणं बंद करण्याचं बटण असतं, ते दाबायला लावा.

बॅलन्स पक्का असूनही थरथर असेल तर गोलाई मोजायची. जॅकवर चाक उचलून डायल गेज (बारीक चढउतार मोजणारं घड्याळी माप) टायरच्या माथ्यावर टेकवा आणि हाताने फिरवा. चाकाचा एकूण चढउतार दीड मिलिमीटरच्या पुढे असेल तर संशय पक्का. मग गेज रिमच्या कडेला. रिम जवळजवळ सरळ आणि टायर वर-खाली असेल तर आधी कडेची बारीक गोल रेघ बघा, टायर रिममध्ये जिथे बसतं तिथली. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर नसेल तर टायर नीट बसलेलंच नाही. हवा काढून, साबणपाणी लावून पुन्हा बसवलं की काम होतं. रेघ ठीक असेल तर टायर रिमवर फिरवून असं बसवायचं, की टायरची उंच बाजू रिमच्या खोल बाजूवर येईल. नव्या टायरवर लाल ठिपका असेल तर तो टायरची उंच बाजू दाखवतो, पिवळा ठिपका हलकी बाजू. मोठ्या दुकानांत टायरवर रूळ दाबून फिरवणारं मशीन असेल तर ते आणखी चांगलं. टायरचा पट्टा आतून एका जागी कडक असेल तर तो गेजला दिसत नाही, रुळाला दिसतो.

पावसाळ्यात एक फुकटचं कारण असतं. आपली काळी माती रिमच्या आत चिकटते आणि वाळून दगड होते. शेतातून आलेली गाडी डांबरी रस्त्यावर थरथरली, तर मशीनवर नेण्याआधी चारही रिम आतून खरवडून धुवा.

आकडा 40 च्या घरात आला तर गाडीखाली जा. नव्या गाडीतही सापडणारा गुन्हेगार म्हणजे अँटीरस्ट कोटिंग. डिलिव्हरीआधी खालून फवारताना शाफ्ट झाकत नाहीत, काळा जाड थर एका बाजूला बसतो आणि कारखान्यात बॅलन्स केलेला शाफ्ट बिघडतो. केरोसीन आणि लाकडी पट्टीने तो पूर्ण साफ करा. शाफ्टवर वेल्ड केलेले छोटे लोखंडी तुकडे मात्र बॅलन्सचे आहेत, ते जागेवरच हवेत. शाफ्टच्या साफ केलेल्या नळीवर चपटी, कोरी, रंग उडालेली जागा दिसली तर तिथला तुकडा गळून पडला असावा. नळीला पोचा आला असेल तर शाफ्ट बदलायचाच.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर बघा आणि दोन्ही तुकड्यांवरच्या जुळवणीच्या खुणा एका रेषेत आहेत का तेही. एकदा शाफ्ट उघडून स्प्लाइनमध्ये (दोन तुकड्यांच्या दातेरी जोडात) एक-दोन दात सरकून बसवला की दोन्ही टोकांचे क्रॉस एकमेकांचे झटके खोडून काढत नाहीत. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये उचलताना 10 ते 30 च्या दरम्यान हादरते आणि पुढे शांत होते, तर दोष बहुधा बेअरिंगच्या उंचीत आहे. डिजिटल कोनमापकाने गियरबॉक्सची बाजू, शाफ्ट आणि डिफरन्शियलची बाजू मोजा. प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत आणि दोन टोकांचे कोन जवळजवळ सारखे हवेत. मोजणी चाकं जमिनीवर असताना, एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीत. रिकामी थरथरते आणि भरली की गप्प होते, किंवा उलट, तर कोनच बघायचा. उपाय म्हणजे सेंटर बेअरिंगखाली पातळ पत्री किंवा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर. वॉरंटीतल्या गाडीत हे काम सर्व्हिस सेंटरकडूनच व्हायला हवं. वाढवलेला डाला, जाळी किंवा जादा पाटे बाहेरून बसवले असतील तर हा वाद हरण्याची तयारी ठेवा.

शाफ्टचं असंतुलन पक्कं करायला वर्कशॉपमध्ये मागची चाकं काढतात, ड्रम नट उलटे लावून धरून ठेवतात, अ‍ॅक्सल स्टँडवर टेकवतात (चेसिस नव्हे, नाहीतर कोन बदलतो) आणि गाडी गियरमध्ये चालवतात. चाकं नसतानाही थरथर आली तर शाफ्ट. मागच्या टोकाचे चार बोल्ट काढून फ्लँज अर्धा फेरा फिरवून लावला तरी कधी कधी निम्मा त्रास जातो. हे काम घराच्या अंगणात जॅकवर करायचं नाही.

बाकीचं थोडक्यात. फक्त ब्रेक मारताना स्टिअरिंग हलतं, तर पुढची डिस्क; गरम डिस्कवर वॉशिंग सेंटरचं पाणी मारलं की ती वाकडी व्हायला निमित्त मिळतं. उभ्या गाडीत ठरावीक आरपीएमला थरथर येते, तर इंजिनचं माउंट किंवा कुठेतरी चेसिसला टेकलेला सायलेन्सर. पहिला जड लोड वाहिल्यावर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने, ताऱ्याच्या आकारात, पुस्तकातल्या आकड्याला आवळून घ्या. हवेच्या गनने एका बाजूने ठोकलेले नट रिम तिरकी बसवतात.

जॉब कार्डवर "व्हायब्रेशन" एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला लावा: "जीपीएस वेग 78, सपाट डांबरी रस्ता, गाडी रिकामी, न्यूट्रलमध्येही कायम, 10 हर्ट्झ, सीटखाली." त्यांच्या माणसाला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर न्या, आणि तेच मॉडेल दुसरं मिळालं तर त्याच फोनने तिचाही आलेख घ्या. टायरची वॉरंटी बहुतेक वेळा टायर कंपनीची स्वतंत्र असते, म्हणून पाचही टायरचे सीरियल नंबर पहिल्याच भेटीत लिहून ठेवा. प्रकरण नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर 2019 च्या कायद्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या: निव्वळ व्यापारी हेतूने घेतलेल्या गाडीला संरक्षण नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीला आहे, आणि दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग तपासणीला पाठवू शकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तारीखवार जॉब कार्डं हाच तिथला मुख्य पुरावा.