प्रोग्राम स्पेशालिस्ट व्हायला नेमकं काय शिकावं लागतं?

विद्यापीठात प्रोग्राम स्पेशालिस्ट आहे, म्हणजे अभ्यासक्रमांचं आणि विद्यार्थ्यांच्या फॉर्म-मंजुऱ्यांचं काम पाहते, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यासाठी डिग्री कुठली लागते?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. या नावाची डिग्री नसते. जाहिरातीत बहुतेक वेळा 'पदवी आवश्यक' एवढंच असतं. कुठल्या विषयातली, हे क्वचितच लिहितात. मी वाणिज्य शाखेची. आधी लेखा विभागात होते, मग संशोधन अनुदानांचे हिशेब पाहिले, तिथून इकडे आले.

हिशेबाचा आणि अभ्यासक्रमाचा काय संबंध, असं लोकांना वाटतं. संबंध चांगला जुना आहे. अमेरिकेत 1906च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांसाठी पेन्शन योजना आखली. ती मिळवायची तर कॉलेजांनी प्रवेश देताना शाळेतला अभ्यास ठरावीक युनिटमध्ये मोजायचा, अशी अट होती. एका विषयाचे वर्षभरात साधारण 120 तास म्हणजे एक युनिट. पेन्शनच्या ओढीने मोजणी रुळली आणि कॉलेजातले क्रेडिटही, म्हणजे पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं, तासांवरच बेतले गेले. (ज्ञान तासांत मोजता येतं का? मला विचाराल तर नाही. पण फॉर्मवर रकाना तासांचाच असतो.)

युरोपात 1989 साली ईसीटीएस ही क्रेडिट मोजायची आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात धरायची पद्धत आली. तिच्यात पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट असतात. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तास धरतात, वर्गाबाहेरचा अभ्यासही त्यात आला. अमेरिकी पद्धतीत वर्ष साधारण 30 क्रेडिटचं. त्यामुळे युरोपात एक सत्र काढून 30 क्रेडिट घेऊन परतलेली मुलगी खुशीत "माझं वर्ष झालं" म्हणते, तेव्हा तिचं निम्मंच झालेलं असतं. प्राध्यापक म्हणतात, "विषय तोच आहे, क्रेडिट द्या ना." रजिस्ट्रारचं कार्यालय म्हणतं, "कागद कुठाय?" हा घोळ टाळायचा तर निघण्याआधीच कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार, हे लिहून त्यावर विद्यार्थी, आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या घ्याव्या लागतात. हिशेबनिसाला हे सांगावं लागत नाही. मंजुरी आधी, खर्च मागून, ही सवय अंगात मुरलेली असते.

पण आमच्या विभागात या कामाला सगळ्यात तरबेज मी नव्हे. पूर्वी ग्रंथपाल असलेली सहकारी आहे, ती. वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच, हे ग्रंथालयात रोजच घडतं. विद्यार्थी "मुदतवाढीचा फॉर्म द्या" म्हणाला की ती फॉर्म काढतच नाही. आधी विचारते, "कशासाठी?" निम्म्या वेळा त्याला विषयच बदलायचा असतो, आणि त्याची तारीख दोन दिवसांवर आलेली असते.

म्हणून मुलाखत घ्यायची वेळ आली की मी डिग्रीवर फारशी थांबत नाही. आधीच्या नोकरीत एखादी फाइल कुणाच्या टेबलावर अडकली होती आणि ती कशी हलवली, एवढं विचारते.