मागचे ड्रम कोमट होते

कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून जास्त उंचीवर. पश्चिमेकडून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३ किलोमीटर नुसता उतार आहे, काही ठिकाणी ७ टक्क्यांचा. वाटेत रस्त्यालगत खडीचे दोन चढ बांधून ठेवलेत. ज्या ट्रकचे ब्रेक गेले त्याने त्यात घुसायचं आणि रुतून थांबायचं. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात त्यातला पहिला चढ मागे पडला, आणि माझ्या लक्षात आलं की ब्रेकचं पेडल नेहमीच्या जागी लागत नाहीये.

माझ्या पिकअप ट्रकच्या मागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायची राहायची गाडी, जोडलेला, शेजारी नवरा, मागच्या सीटवर लेक झोपलेली. पेडल ओल्या मातीत पाय रुतावा तसं खाली जात होतं आणि काचा बंद असूनही ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास येत होता. तो वास माझ्या ओळखीचा. लहानपणी मामाच्या ट्रकमध्ये बसून खंबाटकी उतरताना पुढच्या गाड्यांचा यायचा. मामा म्हणायचा, ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर. मी तसं केलं नव्हतं. थर्ड टाकला, मग वेग आणखी पडल्यावर सेकंड, दिवे लुकलुकते ठेवले आणि उजव्या लेनने कशीबशी गावापर्यंत आले.

थांबल्यावर पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. मागच्या ब्रेकच्या ड्रमला मात्र हात टेकवता आला. कॅम्परची चाकं तर थंडच.

रात्री मामाला फोन केला. पंचवीस वर्षं पुणे-बेंगळुरू रस्त्यावर टाटाचा ट्रक चालवलेला माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारलं, "मागचे ड्रम तापलेले का गं?"

"नाही मामा, कोमट होते."

"मग पुढची दोन चाकं बाकीच्यांचं काम करत होती. इंजिनाकडं बघू नकोस. आधी मागं बघ."

माझा ट्रक १९९५ सालचा डॉज रॅम २५०० पिकअप, चार चाकांना जोर असलेला, पाच गिअरचा. इंजिन कमिन्सचं, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, १७५ अश्वशक्ती. जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात याच कुळातलं इंजिन बनतं आणि आपल्याकडच्या कितीतरी टाटा ट्रकमध्ये ते बसलेलं आहे, त्यामुळे मामाला त्याचा आवाज फोनवरूनही कळतो. या इंजिनावर इथे लोकांचा फार जीव. पंपाचं सेटिंग बदललं, इंजेक्टर बदलले की जोर भराभरा वाढतो आणि जुना ट्रक घेतला की बहुतेक जण पहिला पैसा तिथेच घालतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. तीस वर्षांच्या गाडीला आधी थांबता आलं पाहिजे.

त्या उतारावर काय झालं त्याचा हिशोब मी नंतर वहीत मांडला. ट्रक आणि कॅम्पर मिळून साधारण ६,५०० किलो, उतार सुमारे ६५० मीटरचा. इतकं वजन इतकं खाली आणताना जी ऊर्जा सुटते तिने सव्वाशे लिटरहून जास्त पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापेल. काही भाग वारा आणि टायर खातात. बाकीची इंजिनाने अडवली नाही तर ब्रेकमध्येच जाते, आणि माझ्या बाबतीत ती पुढच्या चाकांच्या दोन डिस्कमध्ये गेली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ जातीचं नवीन ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. आधीच्या मालकाने ते कधी बदललं होतं कोण जाणे. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं.

मूळ दोष मात्र टायरांत निघाला. आधीच्या मालकाने गाडी उंच करून ३५ इंची टायर चढवले होते. दिसायला ट्रक रुबाबदार होता आणि घेताना मीही त्यालाच भुलले. कंपनीचे टायर साधारण साडेतीस इंचांचे. चाक मोठं झालं की ब्रेकची पकड तीच राहते, पण रस्त्याला लागणारा रोध कमी होतो, माझ्या हिशोबाने जवळजवळ १३ टक्के. वेगदर्शकाचा काटा ६० मैल दाखवायचा तेव्हा गाडी खरी ६९ ला असायची. आणि ३.५४ चा डिफ्रेन्शिअल (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.५४ फेरे) जणू ३.०८ चा झाला होता, म्हणजे उतारावर इंजिन गाडीला धरतच नव्हतं.

गाडी उंच केल्याचा आणखी एक परिणाम माझ्या ध्यानीमनी नव्हता. या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलपाशी एक व्हॉल्व्ह असतो. मागे वजन पडून पाटे दबले की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो आणि गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊ नयेत. बॉडी वर उचलल्यामुळे त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटत होती. त्यात ड्रममधले अ‍ॅडजस्टर, म्हणजे लायनर झिजेल तसे त्याला ड्रमजवळ सरकवणारे स्क्रू, गंजलेले. रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की ते आपोआप एकेक दाता पुढे सरकायला हवेत, पण गंजलेले सरकणार कसे? लायनर आणि ड्रम यांच्यात नखभर फट पडली होती. मामाने सांगितलेलं "मागं" ते हे.

घरामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर गुरं आणि ट्रॅक्टर सांभाळलेले. ते रोज संध्याकाळी स्वतःची खुर्ची घेऊन येत. ३५ इंची टायर विकून ३२ च्या जवळपासचे घेतले. माझ्या मते जुन्या पिकअपचा सगळ्यात स्वस्त ब्रेक म्हणजे योग्य मापाचा टायर. गाडी उंच करणारे ब्लॉक काढले, व्हॉल्व्हची दांडी मापात बसवली. मागे नवे ड्रम, लायनर, अ‍ॅडजस्टर आणि लायनरला ड्रमवर ढकलणारे थोड्या मोठ्या व्यासाचे व्हील सिलिंडर. व्यास थोडासाच वाढला तरी दाब पडणारं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणून यात हावरटपणा नको. नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात घसरतात. पुढे नव्या डिस्क, चांगले पॅड आणि ते डिस्कवर दाबणारे कॅलिपर. इथे कॅलिपर घेताना जुन्याची अनामत भरावी लागते, तिला कोअर म्हणतात. जुना परत केला की पैसे परत मिळतात आणि तो दुरुस्त होऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतो. ही पद्धत मला फार आवडते.

मग बूस्टर, पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा भाग. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही. माझ्या ट्रकला त्यासाठी वेगळा पंप होता आणि तो थकला होता. तो काढून हायड्रोबूस्ट बसवला, म्हणजे स्टिअरिंगच्या पंपाच्या तेलाचा दाबच ब्रेकला मदत करतो. इंजिन अचानक बंद पडलं तरी साठवलेल्या दाबावर एक-दोनदा ब्रेक लागतो. पेडल आता लाकडी फळीवर पाय ठेवल्यासारखं घट्ट आहे. कॅम्परचे ब्रेक विजेवर चालतात. त्याची एक वायर अ‍ॅक्सलपाशी घासून तुटलेली सापडली. कोलोरॅडोत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, पण आपल्याकडच्या जुन्या मालट्रकांसारखं दरवर्षी पासिंग इथे अशा गाडीचं होत नाही. ते चालतात का हे ज्याचं त्याने बघायचं.

अ‍ॅक्सल बदलायचा मोह मला झाला होता. इथे भंगारच्या यार्डात नव्या ट्रकचा अख्खा अ‍ॅक्सल मिळतो. मोठे ब्रेक, हब, डिफ्रेन्शिअलमधली दातेरी चाकं म्हणजे क्राऊन-पिनियन, सगळं एकदम येतं. फोर्डच्या जुन्या एफ-२५० ला पुढे मधोमध दुमडणारा अ‍ॅक्सल असे, तो काढून डाना ६० जातीचा सरळ, अखंड अ‍ॅक्सल बसवणारे बरेच आहेत. फोर्डच्याच १९९९ पासूनच्या सुपर ड्यूटीला चारही चाकांना डिस्क आहेत. पण नवे ब्रेक मोठे, म्हणून रिम मोठे, म्हणून टायर वेगळे, वर पाट्यांच्या बैठका आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबीही बदलते. माझ्या ट्रकच्या मागे मुळातच डाना ८० आहे, फुल फ्लोटिंग. म्हणजे गाडीचं वजन हब आणि हौसिंग पेलतात, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. आपल्याकडच्या ट्रकसारखंच. त्याला मी हात लावला नाही. शिवाय कितीही मजबूत अ‍ॅक्सल घातला तरी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं कमाल वजन वाढत नाही.

क्राऊन-पिनियनचं काम सगळ्यात नाजूक निघालं आणि तेच मला सगळ्यात जास्त भावलं. ३.५४ काढून ४.१० बसवायचे होते, मागे आणि पुढे दोन्हीकडे, कारण चारही चाकांना जोर देताना दोन अ‍ॅक्सलचं प्रमाण वेगळं असलं तर दोन्हीकडे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं वाटोळं होतं. पिनियन किती आत बसतो ते शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतं आणि शिमची जाडी हजारांश इंचात मोजतात. दातांमधली मोकळीक ६ ते ८ हजारांश, म्हणजे साधारण दोन कागदांएवढी. बसवलं की दातांना पिवळा लेप लावायचा, क्राऊन हाताने रोखत फिरवायचा आणि ठसा बघायचा. पहिल्यांदा ठसा दाताच्या मुळाशी उमटला, म्हणजे पिनियन फार आत. सगळं उघडलं, शिम बदलला. दुसऱ्यांदा फार वर. मागच्या अ‍ॅक्सलला पाच वेळा उघडझाक झाली. आजोबा एकदाही "चालेल" म्हणाले नाहीत. पाचव्यांदा दाताच्या बरोब्बर मध्ये तांदळाच्या दाण्यासारखा लांबट ठसा उमटला, तेव्हा ते खुर्चीतून उठले, चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि झाकण आणायला गेले.

आता ६५ मैलांना पाचव्या गिअरात इंजिन मिनिटाला २,१०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. आधी १,६५० वर कण्हत चढायचं. आणि ३५ मैलांना थर्डमध्ये २,५०० च्या थोडं वर, पूर्वी तिथे २,००० सुद्धा भरत नसत. हा फरक उतारासाठी महत्त्वाचा, कारण शेवटचं काम एक्झॉस्ट ब्रेकचं होतं. धुराच्या नळीत एक झडप, ती मिटली की इंजिनच गाडीला मागे खेचतं. जितके फेरे जास्त तितकी ओढ जास्त. या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात त्यासाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही ६० पौंडी बसवाव्या लागल्या, नाहीतर उलट्या दाबाने व्हॉल्व्ह उचलले जातात.

पहिले ५०० मैल कॅम्पर जोडला नाही. नवे दात एकमेकांवर बसायला हवेत. मग डिफ्रेन्शिअलचं तेल काढून बदललं. त्यात चांदीच्या भुकटीसारखी बारीक चकाकी होती, तुकडा एकही नाही.

गेल्या जूनमध्ये पुन्हा त्याच बोगद्यातून बाहेर पडलो. तेच वजन, तीच माणसं. आत असतानाच थर्ड टाकला, झडप मिटवली आणि ३५ वर गाडी धरली. खडीचे दोन्ही चढ मागे गेले, ब्रेकला पाय मोजून नऊ वेळा लागला, लेकीने मोजले. सिल्व्हरथॉर्नला थांबून तापमान मोजायचं पिस्तूल काढलं. पुढच्या डिस्क १४० अंश, मागचे ड्रम ११५, कॅम्परचे ११०. मामाला तिन्ही आकडे पाठवले. तिकडे पहाट व्हायची होती, पण उत्तर लगेच आलं.

"मागचे तापले. आता झोपतो."