डिग ट्री, १:७२ – टप्पा तिसरा: जमीन, झाड, पाणी

हा खऱ्याच्या १/७२ मापाचा छोटा देखावा. प्रसंग १३ सप्टेंबर १८६१ चा. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला गेलेल्या बर्क-विल्स मोहिमेच्या शोधात निघालेली हॉविटची तुकडी कूपर क्रीक या ओढ्यावर मोहिमेच्या तळावर, कॅम्प ६५ ला पोचते आणि तिला तिथे काहीच वेगळं दिसत नाही. २१ एप्रिलला सकाळी तळ सांभाळणाऱ्या ब्राहेने शिधा पुरून, झाडावर ‘डिग’ (खणा) अशी खूण ठेवून तळ सोडला आणि त्याच संध्याकाळी बर्क, विल्स, किंग परतले. त्यांनी शिधा काढला, चिठ्ठी पुरली आणि जमीन होती तशी केली. झाडावर नवी खूण मात्र केली नाही. ८ मेला ब्राहे आणि मोहिमेतलाच राइट पाहून गेले, त्यांनाही संशय आला नाही. म्हणून इथे उघडा खड्डा दाखवायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

पाया ३० बाय २० सेंमी, २० मिमी फोम, वर ३ मिमी प्लास्टर. चाळलेली माती फेविकॉल-पाण्यावर (१:३) एकाच बैठकीत पसरायची. पुरलेल्या जागेवर नंतर थर दिला तर त्याची गोल कड वाळल्यावर उठून दिसते, आणि नेमकी तीच जागा दिसायला नको. रंग करडा-तपकिरी, थर वाळवंटातल्या वाळूचा पिवळा नको.

झाड कूलिबाचं (निलगिरीच्या जातीतलं), १२ सेंमी. ०.५ मिमी तांब्याच्या ४० तारा पिळून खोड. बुंध्याची साल खडबडीत, तिथे भुसा-फेविकॉलचा लगदा. वरच्या फांद्या गुळगुळीत आणि फिकट. लगदा ओला असतानाच सुईने ‘डिग’ कोरायचं, अक्षरं २ मिमी. रंग मळकट गेरूचा. पांढुरकं ठेवलंत तर कालच कोरल्यासारखं दिसेल, म्हणजे बर्कने न केलेली खूण तुम्हीच केलीत!

पाणी गढूळ, दुधाळ तपकिरी. रेझिन एका वेळी ३ मिमीच. जाड ओतलं की तापतं, फोम वितळतो. कडा आधी फेविकॉलने बंद करा, नाहीतर रात्रीतून गळून जातं.

बर्कच्या मोहिमेसाठी १८६० मध्ये उंटांची जबाबदारी असलेल्या लँडेल्सने कराचीहून (तेव्हा मुंबई इलाखा) २४ उंट नेले होते. बाजारातले १:७२ उंट अरबी सजावटीचे असतात. गोंडे कापून ओझ्याची खोगिरं बसवा. मऊ प्लास्टिकवरचा रंग सोलतो, त्यामुळे साबणाने धुऊन आधी पातळ फेविकॉलचा हात द्या.

किंगची आकृती या पायावर नाही. तो १५ तारखेला सापडला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, तिथल्या यांद्रुवांधा या आदिवासी लोकांबरोबर.