२८ सामने आणि शेवटी भरीत

खानदेशात फुटबॉलला निसर्गानं फार थोडे दिवस दिलेत. पावसाळ्यात काळ्या मातीत चेंडू जागीच रुततो आणि बुटाला चिकटलेल्या चिखलानं पाय उचलेनासा होतो. मार्च लागला की ऊन उभं राहू देत नाही. मधे उरतात तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस. फुटबॉल मंडळाची लीग दरवर्षी त्यातच बसवली जायची, म्हणून संघ आठच.

आठ संघ एकमेकांशी एकेकदा खेळले की २८ सामने होतात. दर फेरीत चार, अशा सात फेऱ्या. शनिवारी दोन सामने, रविवारी दोन. वेळापत्रक कागदावर दोन ओळींत मांडायचं, चार नावं वर, चार खाली, समोरासमोर. पहिलं नाव खिळा मारल्यासारखं जागेवर ठेवायचं आणि उरलेली सात दर फेरीला एकेक घर पुढे सरकवायची. एकही जोडी दुसऱ्यांदा येत नाही. जोड्या अंदाजानं लावल्या की चौथ्या-पाचव्या फेरीत हमखास घोळ. संघ सातच आले तर आठव्या जागी ‘सुट्टी’ लिहायची; फेऱ्या तरीही सातच.

कागदावरचं हे गणित सोपं. प्रत्यक्षात भुसावळची पोरं रेल्वेच्या पाळीत अडकलेली, रावेर-यावलकडची केळीच्या गाड्या भरण्यात, आणि कापूस वेचणीला आला की खेड्यातल्या संघाचा अर्धा बचाव शेतात. म्हणून रेल्वेवाल्यांचे सामने ठरवताना ड्युटीचा तक्ता आधी मागवायचा, हा अलिखित नियम.

खरी जत्रा मैदान आखायच्या दिवशी भरायची. काळी माती उन्हात भेगाळते, ओलीनं फुगते, आणि या हालचालीत गोलाचे खांब कलतात. दोन फुटांच्या खड्ड्यात नुसती तीच माती परत दाबली तर महिन्याभरात खांब डुगडुगायला लागतो. खड्ड्यात मुरूम आणि काँक्रीट हवंच. आडवी दांडी ७.३२ मीटरची, आणि पाइप बाजारात येतो सहा मीटरचा. जोड द्यावाच लागतो. तो बरोबर मधोमध आला की दांडी तिथेच झुकते, म्हणून जोड एका टोकाकडे घ्यायचा. उंची २.४४ मीटर, मोजायची ती दांडीच्या खालच्या कडेपर्यंत.

मैदान १०० बाय ६४ मीटर. कोपरा काटकोनात हवा तर एका बाजूनं सहा मीटर, दुसऱ्या बाजूनं आठ मीटर, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर दहा. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही ११८.७३ मीटरच्या आसपास आणि एकमेकांइतके भरले तरच फक्की, म्हणजे रेषांची पांढरी पूड, ओतायची. नायलॉनची दोरी ओढली की लांबते, त्यापेक्षा सुतळी बरी. पेनल्टी क्षेत्राचे १६.५ मीटर गोलाच्या मध्यापासून मोजायचे नसतात, खांबाच्या आतल्या कडेपासून मोजायचे. ही चूक जवळपास दरवर्षी कुणीतरी करायचाच. दुसरी ठरलेली चूक म्हणजे पेनल्टी क्षेत्रापुढचा ‘डी’. नवखा माणूस तिथे सरळ अर्धवर्तुळ काढून मोकळा होतो. त्याचं केंद्र खरं तर ११ मीटरवरचा पेनल्टीचा ठिपका, आणि दोरी ९.१५ मीटरची, मधल्या वर्तुळाला लागते तीच. क्षेत्राबाहेर येतो तेवढाच कंस आखायचा. फक्कीसाठी कळीचा चुना कधीच वापरायचा नाही. घसरून पडलेल्या खेळाडूच्या कातडीला आणि डोळ्यांना तो भाजतो.

गोल उत्तर-दक्षिण असावेत. हिवाळ्यात चार वाजताचं ऊन तिरपं येतं, आणि गोल पूर्व-पश्चिम असले तर एका गोलकीला चेंडू दिसतच नाही. पाणी मारायचं शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी मारलं तर वरचा थर दुपारी निसरडाच राहतो. त्याआधी सराटे वेचायचे, अगदी कोपऱ्यातलेसुद्धा. चामडी चेंडू आणि आतलं ब्लॅडर होतं त्या दिवसांत सायकलच्या दुकानातल्या पंक्चरवाल्याचा मान पंचांखालोखाल असायचा.

डाव ३५ मिनिटांचे, मध्यंतर दहा मिनिटांचं. पहिला सामना अडीचला, दुसरा चार वाजून पाच मिनिटांनी. शिट्टी पंधरा मिनिटं लांबली की शेवटचा कॉर्नर अंधुक उजेडात. काठावरचे आप्पा, नाना मात्र घड्याळ बघत नसत. “काब्र उभा शे रे भो, पळ ना!” हे तिथलं प्रशिक्षण.

गुणांची पद्धत बदलली तसा खेळही बदलला. विजयाला दोन गुण होते तोवर डिसेंबरअखेर निम्मे संघ बरोबरीसाठीच उतरायचे. दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय. १९९४च्या विश्वचषकापासून तीन गुणांचा नियम सगळीकडे रुळला. मंडळानंही तो घेतला आणि दहा जणांनी गोलासमोर भिंत बांधायचं कमी झालं. पूर्ण थांबलं नाही. बाद पद्धतीत हरलेला संघ त्याच दिवशी ट्रकमध्ये बसून घरी जातो, लीगमध्ये तोच पुढच्या शनिवारी परत येतो. सहा सामने हरलेल्या संघानं सातव्यात पहिल्या क्रमांकाला रोखायचं, यासाठीच तर लोक शेवटच्या फेरीला गर्दी करायचे.

करंडक वाटून झाला की मैदानाच्या कडेला भरीत. दीडशे माणसांना चाळीस किलो वांगी लागतात, ती पांढरट-हिरवी, लांब, बामणोदकडची. तेलाचा हात फिरवून टोचे द्यायचे, नाहीतर भाजताना फुटतात. जाळ पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा; कोळशावर ती धुरकट चव येत नाही. साल काढून वांगी लाकडी बडगीत ठेचायची. मिरच्या आणि लसूण भाजून त्यातच ठेचायचे, मिरची किलोमागे पन्नासेक ग्रॅम. मग कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि कढवलेलं तेल. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. पऱ्हाट्यांची गाडी आणायचं काम गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या संघाकडे असे, आणि पंगतीत पहिलं पानही त्यांचंच.