आजोबांची कात्री

रात्री 9 ला ऑनलाइन लिलाव संपला. आमच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची जुनी छापील लक्ष्मी गेली, 4,200 ला! 500 पासून सुरुवात, शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत 1,150 वर ठाण. मग दोघे असे भिडले की माझा चहा गार झाला.

दुपारी एकाने विचारलं, "खालची पट्टी आहे का?" जाणकार असणार. छापखान्याचं नाव-गाव तिथेच असतं. 1894 ला मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, म्हणून पत्त्यावरून चित्राच्या काळाचा अंदाज येतो. आमच्या आजोबांनी मात्र फ्रेममध्ये बसावी म्हणून पट्टी कात्रीने उडवलेली. 'लोणावळा' तेवढं उरलंय. सरळ तसंच लिहिलं. कुंकवाचा डाग आणि भिंगातून काढलेला फोटोही टाकला. ऑफसेटची, म्हणजे नंतरच्या यंत्रछपाईची, नक्कल असेल तर भिंगाखाली सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात, शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात, दाणे वेडेवाकडे.

आता पॅकिंग. गुंडाळी केली तर जुना कागद तडकतो, म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट.

आई एवढंच म्हणाली, "भिंतीवर चौकोन उमटलाय. तिथे कालनिर्णय लाव."